ख्रिस्तमंदिरातील सूर्यरेषा

पुनरुत्थानाचा सण दरवर्षी निराळ्या तारखेला का येतो, हा प्रश्न उपवासकाळात हमखास विचारला जातो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार, हे त्याचे उत्तर. इ. स. ३२५ च्या निसिया धर्मपरिषदेने हा सण सर्वांनी एकाच रविवारी पाळावा असे ठरविले. पुढे २१ मार्च हा संपातदिन धरून गणित रूढ झाले.

परंतु जुलियन वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. ही मिनिटे साचत साचत सोळाव्या शतकात संपात ११ मार्चच्या सुमारास येऊ लागला. सर्वांत मोठा सणच चुकीच्या रविवारी पडू लागला! अखेर परमगुरू तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये कालगणना सुधारली. येशूसंघीय गणिती क्लावियस यांचा त्यात मोठा वाटा होता. गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला. आविलाच्या संत तेरेजा नेमक्या त्याच रात्री प्रभुवासी झाल्या.

संपात अचूक मोजायचा, तर उंच आणि अंधारी वास्तू हवी. ती ख्रिस्तसभेपाशी होती. बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ मंदिरात कासिनी यांनी १६५५ मध्ये सुमारे २७ मीटर उंचीवर छिद्र ठेवून फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची दक्षिणोत्तर रेषा आखली. माध्यान्ही सूर्याचे बिंब तिच्यावर उतरते. जूनमध्ये छिद्राच्या जवळ, डिसेंबरमध्ये पार दुसऱ्या टोकाला. बिंबाचा हा वार्षिक प्रवास पृथ्वीच्या अक्षाच्या सुमारे साडेतेवीस अंशांच्या कलामुळे होतो, आणि ऋतूही त्यामुळेच होतात. सूर्य जवळ आला म्हणजे उन्हाळा, ही समजूत खोटी आहे. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत निकट असते आणि तेव्हाच युरोप गारठलेला असतो.

हिवाळ्यात फरशीवरील बिंबाचा कोनीय व्यास किंचित मोठा भरतो. कासिनींनी हा फरक काटेकोरपणे मोजला. जुन्या गणिताप्रमाणे तो जेवढा असायला हवा, त्याच्या निम्माच निघाला; म्हणजे केप्लरच्या गणिताशी जुळला. पृथ्वी फिरते हे एवढ्याने सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही गॅलिलिओंना १६३३ मध्ये दोषी ठरविल्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी, परमगुरूंच्याच राज्यातील मंदिरात हे घडले. तो निवाडा आपल्याला आजही सलतो, आणि सलायलाच हवा. पण बोलोन्याची ही फरशी मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

परमगुरू अकरावे क्लेमेंट यांच्या आज्ञेवरून बियांकिनी यांनी रोमच्या सांता मारिया देल्यी आंजेली मंदिरात अशीच रेषा आखली. ती १७०२ मध्ये पूर्ण झाली. निरभ्र दुपारी तिच्यावरून सूर्यबिंब आजही सरकताना दिसते.