कप्तानाची हकालपट्टी : एका पराभवाचा घटनाक्रम

वॉर्साच्या ११ बिट स्टुडिओजचा ‘फ्रॉस्टपंक’ हा व्हिडिओ गेम २०१८ साली आला. एकोणिसाव्या शतकाची अखेर, जग गोठलेलं, लंडन सोडून आलेली ८० माणसं आणि मधोमध कोळशावर चालणारा जनरेटर. शहर वसवायचं तुम्ही, कप्तानाने. पडद्याच्या तळाशी दोन पट्ट्या दिसतात, आशा आणि असंतोष. पहिली रिकामी झाली किंवा दुसरी काठोकाठ भरली, की लोक कप्तानाला हाकलतात. अवघड पातळीवर साठा कमी, थंडी जास्त आणि माणसंही लवकर चिडतात. तिथे नवखा खेळाडू साधारण असा बुडतो.

सकाळी ६. तापमान घसरणार असल्याचा इशारा. कोळसा जेमतेम रात्रीपुरता.

सकाळी ८. कामाचा भोंगा. खाणीवर तातडीची पाळी लावली जाते, म्हणजे सलग २४ तास काम. असंतोष चढतो. खरं तर इथवर काही बिघडलेलं नाही. असंतोष हळूहळू आपोआप उतरतो, त्यामुळे तो उसना घेतला तरी चालतो. आशा मात्र अशी आपसूक भरून येत नाही. नवखे नेमकं उलटं करतात : असंतोषाला घाबरतात आणि आशा उधळतात.

दुपारी १. तंबूंत थंडी आहे, घरं गरम करा, अशी मागणी घेऊन लोक येतात. वचन द्यायचं की नकार, आणि द्यायचं तर थोड्या घरांचं की सगळ्यांचं? खेळाडू सगळ्यांचं देऊन बसतो, कारण वचन मोठं तसा दिलासा मोठा. मुदतीचं घड्याळ चालू होतं. त्यासाठी लागणारा कोळसा अजून जमिनीखालीच आहे.

संध्याकाळी ६. अन्न कमी पडतंय. सूपचा कायदा मंजूर. तेवढ्याच शिध्यात जास्त पानं वाढता येतात, लोक कुरकुरतात, निभावतं. पण एक कायदा झाला की दुसरा करायला वाट पाहावी लागते, हे या घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. सगळ्या पराभवाची मेख माझ्या मते इथेच आहे.

पहाटे ३. थंडी वाढते, जनरेटर ओव्हरड्राइव्हवर, म्हणजे क्षमतेबाहेर जोरात. ताण १०० टक्क्यांवर गेला तर स्फोट, म्हणून मध्येच बंद करावा लागतो. आजाऱ्यांची रांग वाढते. आजारी माणूस खाणीत उतरत नाही, त्यामुळे कोळसा आणखी घटतो.

सकाळी ९. टेहळणी पथक विंटरहोमला पोहोचतं. ज्या शहराच्या भरवशावर सगळे तग धरून होते, ते उद्ध्वस्त झालंय. तिथेही बंडच झालं होतं. आशेची पट्टी धाडकन खाली येते.

सकाळी ११. ‘लंडनवाले’ उभे राहतात. इथे मरण्यापेक्षा परत जाऊ, असा त्यांचा प्रचार, भिंतींवर घोषणा. यावर उतारा म्हणून गेम दोन वाटा देतो, शिस्त किंवा श्रद्धा. एकीकडे पहारा चौक्या, दुसरीकडे प्रार्थनागृहं. पण त्यातला पहिला कायदा करावा, तर कालच्या सूपच्या कायद्यानंतर वाट पाहण्याची मुदत संपलेली नाही. हाती वेळ आहे तो नुसता बघत बसण्याचा.

दुपारी ४. वचन मोडलं. आशा आणखी खाली, असंतोष आणखी वर. लंडनवाल्यांत नवी भरती.

रात्री ८. असंतोष काठोकाठ. जमाव निर्वाणीचा इशारा देतो : अमुक वेळात सुधारणा करा, नाहीतर चालते व्हा. आता चौक्या बांधायच्या तर लाकूड नाही, आणि खाणीची पाळी कमी करायची तर कोळसा नाही.

मुदत संपते. कप्तान बर्फात. खेळ खलास.

पुन्हा खेळायला बसलात तर तीन गोष्टी करा. सूपचा कायदा अन्न संपण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच उरकून टाका. वचन द्याल ते थोड्याच घरांचं द्या. आणि टेहळणी पथकाला विंटरहोमच्या अलीकडेच थोपवून धरा. आशेची पट्टी चांगली भरेपर्यंत ती बातमी शहरात येऊ देऊ नका.