डॉक्टर कोटणीसांचं सोंग

दिवाळीच्या सुटीत इंजिनिअरिंगला असलेला माझा नातू घरी आला आणि मोबाइल पुढे करत म्हणाला, "आजोबा, डॉक्टर कोटणीसांशी बोलता का?"

हल्ली संगणकाशी गप्पा मारण्याची अशी ठिकाणं निघाली आहेत, जिथे पात्रं भेटतात. कुणी राजा, कुणी गुप्तहेर, कुणी शास्त्रज्ञ. आपण लिहायचं आणि पात्रानं आपल्या भूमिकेत राहून उत्तर द्यायचं. तयार पात्रांतून मनासारखं शोधायचं. नाही सापडलं, तर स्वतः घडवायचं. नातवाला तयार पात्रांचा कंटाळा आला होता. "सगळी गोडगोड बोलतात," म्हणाला. म्हणून त्यानं आपल्या सोलापूरचाच माणूस निवडला. नाव आणि चार ओळींची ओळख लिहिली, की पात्र उभं!

त्यानं विचारलं, "डॉक्टर, तुमचा मृत्यू कसा झाला?" उत्तर आलं, "प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना."

मी चमकलो. कारण हा प्लेग सिनेमातला. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. पडद्यावरचे डॉक्टर प्लेगनं जातात. खरे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय अवघं बत्तीस.

त्यांचा जन्म सोलापूरचा, १९१० सालचा. १९३८ मध्ये, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यांत कोटणीस होते. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, पण ते परतले नाहीत. चिनी भाषा शिकले, शस्त्रक्रिया करत राहिले, विद्यार्थ्यांना शिकवलं. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचं सांगतात. १९४१ मध्ये ते बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका को छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. वडील गेले तेव्हा ते बाळ चार महिन्यांचंही नव्हतं.

मी मोबाइल घेतला आणि लिहिलं, "डॉक्टर, तुम्हाला तर अपस्मार होता." पात्र लगेच म्हणालं, "बरोबर आहे तुमचं." मग मुद्दाम लिहिलं, "नाही, मलेरियानं गेलात." तेही त्यानं मान्य केलं! आपल्याकडे याला होयबा म्हणतात.

हा मोह नवा नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. नाव घेतलं शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या फुलवालीचं. म्हणजे पु. लं.च्या 'ती फुलराणी'तली आपली मंजुळाच. ही एलायझा मनोविकारतज्ज्ञाची भूमिका करी, म्हणजे आपलंच वाक्य फिरवून प्रश्न विचारी. वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीनं तो प्रोग्रॅम तयार होताना पाहिला होता. तरी चार वाक्यांत त्या गुंतल्या आणि त्यांनी साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. २०२२ मध्ये 'कॅरेक्टर एआय' सर्वांसाठी खुलं झालं आणि हवं ते पात्र घडवणं कुणालाही जमू लागलं. पण यंत्राचं काम एकच, प्रचंड मजकूर वाचून पुढे कुठला शब्द शोभेल त्याचा अंदाज बांधणं. शोभणारा शब्द खरा असेलच असं नाही. प्लेग शोभतो. अपस्मार शोभत नाही.

आमच्या लहानपणी बहुरूपी यायचा. पोलिसाच्या वेशात दारात उभा राहून वॉरंट वाचायचा. आम्ही माजघरात लपायचो. पण शेवटी तो हसून बिदागी मागायचा आणि सोंग तिथे संपायचं. मोबाइलमधलं सोंग बिदागी मागत नाही. ते कधी संपलं, हे कळत नाही. तिथे पात्राचं बोलणं काल्पनिक असल्याची सूचना दिसते म्हणे, पण गप्पा रंगल्यावर तिच्याकडे कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात गेलो. घरी येऊन नातवानं पात्राची ओळख नव्यानं लिहिली. तारखा घातल्या, मृत्यूचं खरं कारण घातलं आणि शेवटी बजावलं, "ठाऊक नसेल ते सांगायचं नाही. कुणी चुकीचं बोललं, तर हो म्हणायचं नाही."

मग त्यानं विचारलं, "वडील गेल्याचं कळलं, तेव्हा तुमच्या मनात काय आलं?"

उत्तर आलं, "ते मला ठाऊक नाही. मी परतलो नाही, एवढंच नोंदलेलं आहे."

नातू जरा हिरमुसला. मला मात्र तेच पात्र आवडलं. सिनेमातल्या प्लेगपेक्षा खरा माणूस मोठा होता. देहाला अपस्मारानं ग्रासलं असताना, दूरच्या देशात, तो जखमी सैनिकांसाठी उभा राहिला. त्याचं खरं मरण गोड कथेसाठी आपण बदलून टाकलं, तर तो दुसऱ्यांदा मरतो. आणि या वेळी आपल्याच गावात.

तेव्हा अशा पात्रांशी खुशाल बोला. मन रमवणारी खूप मिळतील. "नाही" म्हणणारं आणि "ठाऊक नाही" म्हणणारं सापडतं का, ते मात्र पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)