लंबकाचं घड्याळ लावताना

यंदाच्या मेळाव्यात आपल्या बॅचतर्फे शाळेला लाकडी घड्याळ द्यायचं ठरलं, तेव्हापासून ग्रुपवर दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. एक, लाल आकड्यांचं डिजिटल घड्याळ का नाही? दोन, हे वेळ तरी बरोबर दाखवेल का? पहिल्यावर भरपूर वाद घालून झाला आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र दोन ओळींत मावत नाही, त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो. स्मरणिकेच्या संपादक मंडळानं मला पानं दिली आहेत, ती त्यासाठी वापरते.

घड्याळाला बॅटरी नाही, स्प्रिंगही नाही. दोरीला टांगलेलं तीन किलोचं वजन दीड मीटर खाली येतं आणि तेवढ्यावर ते तीस तास चालतं. हिशेब केला तर ही ऊर्जा भरते सुमारे ४४ ज्यूल. तेवढ्यात नऊ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम पाच सेकंद जळेल. वजन चाकांना ओढतं, आणि चाकं भरभर सुटू नयेत म्हणून नांगराच्या आकाराचा एक तुकडा लंबकाच्या प्रत्येक झोक्याला एकच दाता पुढे सोडतो. त्या अडण्या-सुटण्याचा आवाज म्हणजे टिकटिक.

लंबकाचं पहिलं घड्याळ हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सनं १६५६ मध्ये योजलं. त्याआधीची यांत्रिक घड्याळं दिवसाला पाव-पाव तास चुकत, ती चूक सेकंदांवर आली. मग १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, आणि पॅरिसला बरोबर चालणारं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ बिघडलं नव्हतं. कायेनला गुरुत्वाकर्षणच किंचित कमी होतं. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे मांडताना न्यूटननं पुढे हे निरीक्षण वापरलं.

इथे आपली प्रयोगशाळा आठवा. दोऱ्याला गोळा बांधून आपण वीस आंदोलनं मोजत होतो आणि सर सांगायचे, 'जी ची किंमत ९.८ धरा.' सर, माफ करा, पण घड्याळवाल्याला ९.८ चालत नाही. मुंबईत ही किंमत साधारण ९.७८६ आहे, लंडनला ९.८१२. फरक किरकोळ वाटतो, पण लंडनला बिनचूक चालणारं लंबकाचं घड्याळ तसंच मुंबईत आणून टांगलं तर दिवसाला जवळपास दोन मिनिटं मागे पडेल. एका सेकंदात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारा लंबक तिथे सुमारे ९९४ मिलिमीटरचा लागतो, इथे साडेनऊशे एक्केचाळीस नव्हे, ९९१ ते ९९२ च्या मधला. म्हणजे अडीच मिलिमीटरचा खेळ.

आपल्या बाजूचं या जातीचं सर्वांत प्रसिद्ध घड्याळ लंडनहूनच आलं. लोकल वाशीला आली १९९२ मध्ये. त्यानंतरच्या आपल्या म्युझियमच्या सहलीत ओव्हल मैदानाच्या कडेला दिसलेला तो राजाबाई टॉवर. सव्वादोनशे नव्हे, चांगला २८० फूट उंच. पायाभरणी १८६९ ची, काम पुरं झालं नोव्हेंबर १८७८ मध्ये. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते मुंबईत एकदाही आले नाहीत. कापसाच्या व्यापारात नाव कमावलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव मिळालं. आईला दिसत नसे, जैन असल्यानं सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायला हवं, ते त्यांना टोल्यांवरून कळे, अशी गोष्ट सांगतात. घड्याळ बनवलं लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली कंपनीनं. आपल्या घड्याळाचं हे थोरलं भावंड. वजनं तीच, लंबक तोच, फक्त सगळं अवाढव्य, आणि खाली आलेली वजनं वर चढवायला माणूस हवाच.

लंबक जागेप्रमाणे जुळवला की घड्याळ नियमित चालतं. पण काटे कुठे ठेवायचे? याचं उत्तर गुरुत्वाकर्षण देत नाही, आणि मुंबईत त्यावरून बरंच रामायण झालं. त्या काळी शहर आपल्या सूर्याप्रमाणे चाले. ही मुंबईची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे होती. रेल्वे चाले मद्रासच्या वेळेवर, म्हणजे मुंबईच्या अर्धा तास पुढे. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये सरकारी कामासाठी मद्रासची वेळ लावून पाहिली, पण लोकांनी ती मानली नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि मुंबईकरांना घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे करायला सांगितलं गेलं. गिरणी कामगार चिडले. त्यांच्या दृष्टीनं अर्थ सरळ होता: भोंगा पाऊण तास आधी होणार, म्हणजे अंधारात उठायचं. महापालिकेनं तर आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवरच ठेवली आणि हा हट्ट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकला. एकाच रस्त्यावरची दोन घड्याळं ३९ मिनिटांच्या फरकानं चालत होती, आणि दोन्ही बरोबर होती.

मी रोज ज्या सर्व्हरवर काम करते ते एकमेकांशी मिलिसेकंदांपर्यंत जुळवून घेतात, आणि तिथे वाशी की वॉशिंग्टन हा प्रश्न उरत नाही. लंबकाचं घड्याळ मात्र जिथे टांगलं तिथलंच असतं. सूर्याचंच विचाराल, तर वाशीत तो सरासरी बारा वाजून अडतीस मिनिटांनी माथ्यावर येतो. मधल्या सुट्टीत ग्राउंडवर सावली का मिळायची नाही, ते आता कळेल.

आता लाकडाकडे. ग्रुपवर सर्वांत जास्त शंका यावरच होती. जॉन हॅरिसन, ज्यानं पुढे समुद्रावर रेखांश काढण्याचं घड्याळ केलं, तो मुळात सुतार. त्यानं १७१३ मध्ये, विशीत, ओकच्या चाकांचं घड्याळ केलं. ब्रॉकल्सबी पार्कमधलं त्याचं १७२२ च्या सुमाराचं घड्याळ आजही चालतं आणि त्याला तेल लागत नाही, कारण घासणाऱ्या जागी त्यानं स्वतःच तेलकट असलेलं लिग्नम व्हिटी लाकूड बसवलं. लाकूड रेषेच्या आडवं फुगतं, रेषेच्या दिशेनं जवळजवळ नाही. जुलैत आपल्या घरांचे दरवाजे रुंदीत अडतात, उंचीत सहसा नाही, ते यामुळेच. म्हणून एकाच फळीतून कापलेलं चाक पावसाळ्यात लंबगोल होईल. आपली चाकं प्लायवूडची आहेत, थरांच्या रेषा आडव्या-उभ्या असल्यानं ती आकार धरून राहतात. लंबकाची दांडी मात्र मुद्दाम सरळ रेषेच्या सागवानाची, पॉलिश केलेली. लोखंडी दांडी दहा अंश तापमान वाढलं की दिवसाला पाच सेकंद मागे पाडते, लाकडी त्याच्या निम्म्याहून कमी.

घड्याळ लावायची रीत अशी. भिंत भक्कम हवी, पार्टिशन नको. भिंत हलली तर लंबकाचा जोर तिच्यात जातो आणि घड्याळ बंद पडतं. चौकट ओळंब्यानं सरळ करायची. मग डोळे मिटून ऐकायचं: 'टिक' आणि 'टॉक' यांमधलं अंतर सारखं यायला हवं. लंगडत असेल तर नांगराला जोडलेली दांडी किंचित वाकवायची. हे काम कानाचं आहे, संगीताच्या बाई मेळाव्याला येणार आहेत, त्यांच्याकडून तपासून घेऊ. शेवटी गोळ्याखालचा नट. त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर, आणि एक मिलिमीटर म्हणजे दिवसाला सुमारे ४३ सेकंद. घड्याळ मागे पडत असेल तर गोळा वर, पुढे जात असेल तर खाली. फेरा दिल्यावर चोवीस तास हात लावायचा नाही. आपल्यातल्या काहींना हे जड जाईल.

दात्यांना तेल कोणीही लावू नये. तेलाला धूळ चिकटते, लाकूड फुगतं. महिन्यातून एकदा मऊ ब्रश पुरे. दोरी दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत बदलायची, ती तुटून वजन खाली आलं तर फरशी फुटेल. म्हणून खाली वाळूची पेटी ठेवली आहे, तिच्यात कोणी झाड लावू नये.

राहिला रविवार. तीस तासांचं घड्याळ शनिवारी चावी दिली तरी सोमवारपर्यंत पोचत नाही. आठ दिवस चालणारं करता आलं असतं, पण त्याला वजन बरंच जास्त लागलं असतं आणि ते मुलांच्या हाती देता आलं नसतं. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे: नववीच्या दोघांची आठवड्याची पाळी. सोमवारी ती दोघं वजन चढवतील, काटे लावतील, लंबकाला झोका देतील. रोज वजन चढवून किती सेकंद मागे-पुढे ते वहीत लिहितील. वहीत तारीख, फरक, नटाचे फेरे आणि सही असे चार रकाने आखले आहेत, पाऊस पडत होता का, हे लिहायला समासात जागा सोडली आहे. पहिली दोन पानं आमच्या घरच्या चाचणीची आहेत. त्यात शेवटच्या आठवड्याचा फरक रोज सहा ते नऊ सेकंदांचा आहे, आणि तो शाळेच्या भिंतीवर पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागेल.