‘क्रूझ’ हे गाणं २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं की ३? दोन्ही आकडे खरे आहेत!

‘क्रूझ’ हे ‘फ्लोरिडा जॉर्जिया लाइन’ या अमेरिकन कंट्री जोडीचं २०१२ मधलं गाणं. बिलबोर्डच्या ‘हॉट कंट्री साँग्ज’ यादीत ते एकूण २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याआधीचा विक्रम २१ आठवड्यांचा. तो एडी अरनॉल्ड (१९४७), हँक स्नो (१९५०) आणि वेब पियर्स (१९५५) या तिघांच्या नावावर होता आणि पन्नासहून अधिक वर्षं कुणाला मोडता आला नव्हता.

गंमत अशी, की ‘कंट्री एअरप्ले’ या बिलबोर्डच्याच दुसऱ्या यादीत हे गाणं फक्त ३ आठवडे अव्वल होतं. मग एवढा फरक का?

आधी जोडीबद्दल थोडंसं. टायलर हबर्ड जॉर्जियाचा, ब्रायन केली फ्लोरिडाचा. नावाचा उलगडा इथेच होतो. दोघांची ओळख नॅशव्हिलच्या बेल्मॉन्ट विद्यापीठात झाली. ‘क्रूझ’ त्यांनी जोई मोई, चेस राइस आणि जेसी राइस यांच्यासोबत लिहिलं. विषय साधाच: उन्हाळा, ट्रक, गावाकडचे रस्ते आणि एक मुलगी.

खरी गोष्ट आहे नियमांची. ऑक्टोबर २०१२ पर्यंत ‘हॉट कंट्री साँग्ज’चा क्रमांक फक्त कंट्री रेडिओवर गाणं किती वाजतं यावरून ठरायचा. त्या महिन्यात बिलबोर्डने डाउनलोड आणि स्ट्रीमिंग मोजायला सुरुवात केली. शिवाय पॉप स्टेशनवर वाजलेलं गाणंही कंट्री यादीत धरलं जाऊ लागलं. जुन्या पद्धतीसाठी ‘कंट्री एअरप्ले’ ही वेगळी यादी निघाली. नव्या नियमाचा परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसला: टेलर स्विफ्टचं एक गाणं २१ व्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर आलं.

‘क्रूझ’ आधी कंट्री रेडिओच्या जोरावर वर गेलं आणि खाली आलं. एरवी गोष्ट तिथेच संपली असती. पण २०१३ च्या वसंतात रॅपर नेलीसोबतचं रिमिक्स आलं. पॉप स्टेशनांनी ते उचललं, सर्व प्रकारच्या गाण्यांच्या ‘हॉट १००’ यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं आणि तिथली सगळी कमाई कंट्री यादीतही जमा झाली. म्हणजे कंट्री श्रोते पुढच्या गाण्यांकडे वळले होते, तरी कंट्रीच्या यादीवर ‘क्रूझ’च बसून होतं. ज्या गायकांची गाणी पॉप रेडिओ वाजवत नाही, त्यांच्यासाठी ही स्पर्धा सरळसरळ विषम झाली.

म्हणून विक्रम खोटा ठरत नाही. गाणं लोकांनी खरोखर विकत घेतलं. डायमंड प्रमाणपत्र, म्हणजे १ कोटी युनिट्सची नोंद, मिळवणारं ते पहिलं कंट्री गाणं. फक्त १९५० चे २१ आठवडे आणि २०१३ चे २४ आठवडे एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

टीकाही झाली. समीक्षक जोडी रोझेन यांनी २०१३ मध्ये या धाटणीच्या गाण्यांना ‘ब्रो-कंट्री’ असं नाव दिलं आणि ते चिकटलंच.

पन्नासहून अधिक वर्षं टिकलेल्या विक्रमाच्या जागी आलेला हा नवा विक्रम चारच वर्षं टिकला. २०१७ मध्ये सॅम हंटचं एक गाणं ३४ आठवडे पहिलं राहिलं. त्यानंतर पॉप गायिका बीबी रेक्साच्या ‘मेंट टू बी’ने ५० आठवडे गाठले. त्या गाण्यात तिच्यासोबत होती फ्लोरिडा जॉर्जिया लाइनच.