यमुनेचे दुसरे वाचन

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून पुण्याच्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. यमुनेचे पुढे काय होणार, या उत्कंठेने वाचक पुढल्या अंकाची वाट पाहत. पुस्तक हाती आल्यावर मात्र वाचन पालटते. शेवट ठाऊक असलेला वाचक पहिल्या पानापासून एका विधवेचे निवेदन ऐकतो. तिच्या बालपणीच्या थट्टामस्करीवरही पुढील केशवपनाची छाया पडलेली दिसते. माझ्या मते ही कादंबरी दुसऱ्या वाचनातच खऱ्या अर्थाने उमगते.

पण दुसऱ्या वाचनासाठी पुस्तक मिळावयास हवे, आणि विकत घेणे सर्वांनाच कुठे परवडणार? सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या जोडीने फिरती ग्रंथालये निघाली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. एकच प्रत अनेक हातांतून फिरली, की ज्याच्याशी तिच्याविषयी बोलावे असा माणूस गावातच सापडतो.

नवी कादंबरी घेतली की आतील पानावर नाव घालून ती शेजारी देण्याची रीत आपल्या काही घरांत आजही आहे. हरिभाऊंची प्रत तेवढी परत येत नाही, ही तक्रार मात्र जुनीच.