कृत्रिम बुद्धिमत्ता : बाह्य सेवापुरवठादाराची निवड

उद्योग, बँक, रुग्णालय यांच्या कामकाजात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी बाहेरची संस्था नेमताना तिची पारख, करार आणि देखरेख यांची प्रक्रिया. विदा साफ करणे, प्रतिमान निवडणे, ते चालू संगणकप्रणालीत बसविणे आणि पुढे सांभाळणे ही कामे सामान्यतः अशा पुरवठादाराकडे सोपविली जातात.

पूर्वपीठिका : ईस्टमन कोडकने १९८९ मध्ये आपली संगणककेंद्रे आयबीएमकडे चालविण्यास दिली; मोठ्या कंपन्यांत या प्रथेने त्यानंतर जोर धरला. पुढे हे काम भारतीय कंपन्यांकडेही आले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (मुंबई, १९६८) व पर्सिस्टंट सिस्टिम्स (पुणे, १९९०) या त्यांपैकी महाराष्ट्रातील.

पारख : संगणककेंद्र चालविण्याच्या करारात काय मिळणार हे आधीच लिहून घेता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामात मात्र निष्पत्ती ग्राहकाच्या विदेवर ठरते. म्हणून पुरवठादाराने स्वतःच्या नमुन्यांवर दाखविलेल्या प्रात्यक्षिकाला फारसे मोल नाही. कर्जअर्ज वाचणारी प्रणाली घ्यायची असेल, तर बँकेने आपल्याकडचे जुने, हाताने भरलेले मराठी अर्ज, खाडाखोड आणि पुसट शिक्क्यांसह, चाचणीसाठी द्यावेत व चुकांची मोजणी आपल्याच माणसांकडून करून घ्यावी. पोटठेकेदार कोण, विदा कोठे साठणार आणि करार संपल्यावर ती कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हे दरपत्रक उघडण्यापूर्वी विचारण्याचे प्रश्न होत. आयएसओ/आयईसी ४२००१ (२०२३) हे या क्षेत्रातील व्यवस्थापन-मानक. त्याच्या प्रमाणपत्रावरून संस्थेची कार्यपद्धती कळते, विशिष्ट प्रतिमानाची अचूकता कळत नाही.

एमडी अँडरसन प्रकरण : फसलेल्या निवडीचे इतके तपशीलवार सरकारी दप्तर क्वचितच उपलब्ध असते. ह्यूस्टन येथील या कर्करोग रुग्णालयाने आयबीएमच्या वॉटसन तंत्रज्ञानावर आधारलेली, डॉक्टरांना उपचार सुचविणारी प्रणाली २०१२-१३ च्या सुमारास हाती घेतली. आयबीएमशी झालेला मूळ करार २४ लाख डॉलरचा होता. त्यास वारंवार मुदतवाढ मिळून रक्कम सु. ३ कोटी ९२ लाखांवर गेली. व्यवसाय-आराखड्यासाठी नेमलेल्या प्राइसवॉटरहाउसकूपर्सला सु. २ कोटी ३० लाख डॉलर देण्यात आले. टेक्सस विद्यापीठ प्रणालीच्या लेखापरीक्षकांना स्पर्धात्मक निविदा न मागविणे आणि शुल्काचे आकडे संचालक मंडळाच्या मंजुरीच्या मर्यादेच्या किंचित खाली ठेवणे हे दोष आढळले. काम ‘संशोधन’ या सदरात धरल्याने माहिती तंत्रज्ञान विभागाची नेहमीची छाननी टळली. दरम्यान रुग्णालयाने रुग्णनोंदींसाठी एपिक ही नवी प्रणाली घेतली. वॉटसनचे काम मात्र जुन्या प्रणालीशी जोडलेले राहिले. रुग्णांवर प्रत्यक्ष वापर न होताच प्रकल्प थांबला. लेखापरीक्षकांनी प्रणालीच्या वैज्ञानिक गुणवत्तेवर मत दिले नाही. अपयश तंत्रज्ञानाचे की खरेदीपद्धतीचे, याविषयी एकमत नाही. प्रस्तुत नोंदीपुरते बोलायचे, तर देयकांचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

भारतातील नियमन : रिझर्व्ह बँकेने माहिती तंत्रज्ञान सेवांच्या बाह्य सोपवणुकीविषयी एप्रिल २०२३ मध्ये काढलेले निदेश १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आले. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच, हे त्यांचे सूत्र. पुरवठादाराच्या लेखापरीक्षणाचा हक्क, पोटठेक्यांवर नियंत्रण व करारातून बाहेर पडण्याची योजना त्यांत अपेक्षित आहे. स्तर १ व २ मधील नागरी सहकारी बँका या निदेशांतून वगळल्या होत्या. पुरवठादारावर सर्वाधिक विसंबणाऱ्या बँका बहुधा याच असाव्यात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याचा रोखही तोच आहे : विदेवर प्रक्रिया करणाऱ्याशी वैध करार हवा आणि त्याच्या हातून होणाऱ्या प्रक्रियेचे उत्तरदायित्व सोपविणाऱ्याकडे राहते. सुरक्षेच्या वाजवी उपायांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

लघुउद्योग : या वर्गात बहुधा स्वतंत्र निवड होत नाही; हिशेबाच्या तयार सॉफ्टवेअरमधूनच कृत्रिम बुद्धिमत्तेची सुविधा येते.