दारात कोण आहे?

भर दुपारी वरवट बकालमधल्या एखाद्या घरी कोण असतं? हंगामाचे दिवस असले की धडधाकट माणसं वावरात. घरी एखादी म्हातारी, नाहीतर लेकराला झोपवणारी सून. कोर्टाचा बेलीफ येतो तो नेमका अशाच वेळी. त्याच्या हातात घरमालकाच्या नावाचं समन्स असतं. मग त्यानं ते कोणाच्या हातात द्यायचं?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण या देशात कायद्याच्या लेखी घरातलं कोण ‘माणूस’ म्हणून धरलं जातं, याचा इतिहास मला या एका प्रश्नात दिसतो.

दुसऱ्या बाजूला बोलायची संधी दिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे न्यायाचं पहिलं तत्त्व. पण आपल्यावर दावा झालाय हेच माहीत नसेल, तर माणूस बोलणार काय? म्हणून आधी समन्स. ते बजावूनही कोणी आलं नाही, तर दावा एकतर्फी चालतो आणि घर, शेत, वाटणी यांचा हुकूमनामा त्या माणसाच्या गैरहजेरीत होतो.

मराठेशाहीत बोलावणं घेऊन सरकारचा शिपाई यायचा. त्याच्या येण्याजाण्याचा खर्च ज्याला बोलावलं त्याच्याकडून वसूल होई. त्या रकमेला ‘मसाला’ म्हणत. हा मसाला खिशाला झोंबायचा खरा, पण बोलावणं आलंच नाही असं म्हणायची सोय नव्हती. शिपाई दारात उभाच असे.

इंग्रजी अमलात माणसाची जागा कागदानं घेतली. 1853 च्या तहानं निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. आज संग्रामपूर तालुक्यात असलेला हा भाग तेव्हा जळगाव तालुक्यात होता, आणि तो तालुका 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात. 1870 मध्ये खामगावला रेल्वे आली. कापसाबरोबर पैसा फिरू लागला, पैशाबरोबर कर्ज आणि कर्जाबरोबर दावे. गोतसभेतला तंटा गावासमोर चालायचा. कोर्टातला तंटा दूरच्या गावी चालू लागला. तिथे काय चाललंय हे शेतकऱ्याला कळायचं ते हाती आलेल्या कागदावरून, आणि तोही बहुतेकांना वाचता येत नव्हता.

याचा परिणाम काय होतो, ते पुणे आणि नगर जिल्ह्यांनी दाखवलं. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले आणि दंगे पसरले. बहुतेक ठिकाणी त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळले गेले. कर्जाच्या दाव्यांत शेतकरी कोर्टात हजरच होत नव्हते आणि हुकूमनामे एकतर्फी होत होते, हे नंतरच्या चौकशीत पुढे आलं. म्हणून 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्यानं न्यायाधीशावर जबाबदारी टाकली: प्रतिवादीला समोर बोलावून त्याची जबानी घ्या, घेणार नसाल तर कारण लिहून ठेवा. सुरुवातीला हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना होता. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हताच.

मग आली 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता. तिच्या ऑर्डर 5 मध्ये बेलिफाचं सगळं काम लिहिलं आहे. समन्स शक्यतो त्याच माणसाच्या हातात द्यायचं. तो सापडला नाही आणि त्याचा मुखत्यारही नसेल, तर सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीला द्यायचं. नोकराला कुटुंबातला मानायचं नाही. तेही जमलं नाही, तर दारावर प्रत डकवायची आणि घर कोणी दाखवलं, कागद कोणासमोर लावला, त्यांची नावं अहवालात लिहायची.

यातली मेख ‘सज्ञान व्यक्ती’ या शब्दांत आहे. मूळ मजकुरात होता ‘सज्ञान पुरुष’. म्हणजे घर चालवणारी आई दारात उभी असली, तरी या नियमापुरतं घरी कोणी नव्हतं. 1976 च्या दुरुस्तीनं ‘पुरुष असो वा स्त्री’ हे शब्द आले आणि 1 फेब्रुवारी 1977 पासून लागू झाले. फौजदारी कायद्यात मात्र ‘पुरुष’ तसाच राहिला. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली तेव्हा, 1 जुलै 2024 ला, तो गेला. मधली 47 वर्षं तीच बाई, त्याच दारात, शेताच्या दाव्याचं समन्स घेऊ शकत होती; फौजदारी समन्स नाही.

आता दार बदललं आहे. 2002 पासून दिवाणी समन्सला कुरिअर आणि ई-मेलची वाट मोकळी झाली. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचल्याचं मान्य केलं, कारण निळ्या खुणा दिसत होत्या. 10 जुलै 2020 ला, कोरोनाच्या काळात, सर्वोच्च न्यायालयानंही अशा बजावणीला परवानगी दिली. पण जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयानं पोलिसांना बजावलं की हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागणार नाही. तिथे चुकलं तर माणसाला अटक होऊ शकते.

मला हा फरक योग्य वाटतो. निळी खूण सांगते की मेसेज उघडला. कोणी उघडला ते सांगत नाही. कागदोपत्री बापाचा म्हणून दिलेला नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो. सिम बदललेलं असतं. घरातल्या एकुलत्या फोनवर धाकटा गेम खेळत असतो. पूर्वी बाई दारात असून कायद्याला दिसत नव्हती. आता तर दारात कोण आहे हेच दिसत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरचा ‘नंबर’ त्यांच्याच खिशात असेल. त्यांच्यासाठी काही गोष्टी. समन्स घेतलंच नाही तर केस चालत नाही, ही समजूत खोटी आहे. नकार दिला की बेलीफ प्रत दारावर लावून तसा अहवाल देतो. दिवाणी दाव्यात लेखी जबाबाला 30 दिवस असतात, कोर्टानं वाढवून दिले तर 90 पर्यंत. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याच्या अर्जाला 30 दिवसांची मुदत असते. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर ते दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

तेव्हा पीडीएफ आली तर ‘नंतर बघू’ म्हणून खाली सरकवू नका. उघडा, नाव आणि तारीख वाचा, आणि ज्याचं नाव आहे त्याला त्याच दिवशी फोन करून वाचून दाखवा. आत्याचं, आजीचं नाव असेल तर तिलाच सांगा. तिच्या वतीनं परस्पर ठरवू नका.